नळी काढली तरी

वॉर्डातला पंखा बंद झाला की आम्ही समजायचो, सर आले.

कल्याणचा मे महिना ज्याने काढलाय त्यालाच कळेल हे केवढं मोठं संकट ते. सर दारातून आत आले की पेशंटकडे बघायच्या आधी स्विचबोर्डाकडे वळायचे आणि एकेक बटण खाली करायचे. मग खिडक्या ओढून घ्यायचे. मागे डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरापोरींचा घोळका, ॲपरन पाठीला चिकटलेले. आणि पुढे सर, उंच, किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट. पावलाचा आवाज म्हणून नाही. डोळा लागलेला असला आणि उघडला की ते खाटेशी उभेच असायचे, मान जराशी तिरकी करून. हातात घड्याळ कधी बघितलं नाही. का घालत नाही विचारलं तर म्हणाले, "ते सारखं बोलतं हो."

मी तिथली पेशंट. पण साधीसुधी नाही हं, मी 'केस' होते. लहानपणी मला सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप जाड झाली, तिचं तोंड बारीक झालं. त्या बारीक तोंडातून रक्त जाताना आवाज करतं. मुलं त्याला मर्मर म्हणतात. आता पुस्तकात वाचून आवाज कसा कळणार? तो कानांनीच ऐकायला हवा. म्हणून ज्यांच्या छातीत चांगला स्पष्ट आवाज आहे अशा आम्हा मंडळींना हॉस्पिटल शिकवायच्या दिवशी आणि परीक्षेला मुद्दाम बोलावून घेतं. माझा आवाज म्हणे अगदी नमुनेदार. मी डोंबिवलीहून डबा घेऊन जायचे, खाटेवर पडायचे, आणि दिवसभर एकामागून एक पोरं माझी छाती ऐकायची. परीक्षेच्या आधी हळूच कानाशी येऊन विचारायची, "मावशी, तुम्हाला काय झालंय ते सांगा ना, प्लीज!" बिचारी. सरांनी मला बजावून ठेवलं होतं, "बाई, आजार सोडून जगातलं काहीही बोला." तेवढी मोकळीक मला पुरेशी होती.

त्यांची शिकवायची रीत जगावेगळी. मुलांनी पेशंटच्या खाटेशी उभं राहायचं नाही. बुटकं स्टूल घ्यायचं आणि बसायचं, आपलं डोकं पेशंटच्या डोक्यापेक्षा खाली. स्टेथोस्कोपच्या नळीचं ते गार चकतं मुठीत धरून ऊब द्यायची. आणि ऊब येईपर्यंत पेशंटशी बोलायचं, पण कसं? पेशंटने आपणहून तुम्हाला एक प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारेपर्यंत नळी लावायची नाही. कुणी गप्पगप्प म्हातारा असला की पोरं तासभर स्टुलावर घामाघूम. माझ्याकडे मात्र रांग लागायची. माझा पहिलाच प्रश्न, "जेवलास का रे?"

हे सगळं गमतीचं वाटतं ना? पण सरांची भीती वाटायची. मलासुद्धा.

एक तर ते माझ्याशी बोलतच नसत. छातीकडे बघून विचारायचे, "काय म्हणतोय आतला?" मला नाही, त्याला विचारायचे! माझ्या आत कुणीतरी राहतोय आणि सरांची त्याच्याशी जुनी ओळख आहे, मी म्हणजे नुसतं त्याचं घर. नळी कानात घालून डोळे मिटले की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरायचं, की मला पदर ओढून घ्यावासा वाटे. मग मुलांकडे वळून ते ओठ जरासे विलग करून माझा आवाज काढून दाखवायचे. "हुश्शऽऽ. हुश्शऽऽ." हुबेहूब. मला कसं ठाऊक? तर शिकवून झालं की ते नळीची बोंडं माझ्या कानांत घालायचे आणि म्हणायचे, "घ्या, भेटून घ्या." आपल्याच छातीत कुणी जात्यावरचं पीठ फुंकतंय, असं वाटायचं. पुढे मुलं व्हरांड्यात घोळक्याने तोच आवाज तोंडाने काढत फिरायची. मी स्वयंपाकघरात असले तरी मला वाटे, आत्ता कल्याणला कुणीतरी माझी छाती वाजवतंय.

आणि दुसरं म्हणजे ते बोट.

चालता चालता सर मधेच थांबायचे आणि बोट वर करायचे. सगळे जिथल्या तिथे. एकदा माझ्या खाटेशी शिकवत होते, शेवटची खाट पार त्या टोकाला, मधे लाकडी पडदा. सरांनी बोट वर केलं. पंखे बंदच होते. मान तिरकी. मग सिस्टरना अगदी हळू म्हणाले, "सिस्टर, शेवटची खाट बघून या. थांबलं तिथलं." सिस्टर गेल्या, आणि धावत परत आल्या. तिथल्या आजोबांचा खेळ संपला होता. बाजूला बसलेल्या त्यांच्या मुलीलाही कळलं नव्हतं, ती संत्रं सोलत होती.

त्या दिवसापासून सर आले की बायका छातीवर हात घ्यायला लागल्या. खाडीकडची एक कोळीण होती माझ्या शेजारी, जबर आवाजाची. ती तर मला म्हणाली, "त्या कानवाल्याला माझे खाटेजवल येऊ देऊ नको गो बाय! त्यो आयकतो ना, म्हून मानूस थांबतं."

मी म्हटलं, "अगं, उलटं. थांबतं म्हणून त्यांना ऐकू येतं."

"तुला काय म्हायती?" ती म्हणाली. मला खरंच काय माहीत होतं?

सर दर खेपेला मला एक गोष्ट मात्र सांगायचे, ती ह्या छातीकडे न बघता, माझ्या डोळ्यांत बघून. "बाई, ऑपरेशन करून घ्या. झडप बदलता येते." मी दर खेपेला नको म्हणायचे. माझी थोरली बहीण अशीच टेबलावर गेली होती, ती परत आली नाही. मी म्हणायचे, "सर, आवाज आहे तोवर मी आहे. तुम्हीच म्हणता ना नमुनेदार?" दुसरे डॉक्टर हसायचे, की सर, ह्यांचं ऑपरेशन झालं तर तुमची परीक्षा कुणावर घ्यायची? सर हसत नसत.

तर त्या दिवसाचं सांगते.

परीक्षा जवळ आली होती. पंखे बंद. मी खाटेवर, मुलं रांगेत. पहिला आला, बसला, जेवलास का झालं, नळी लावली, लावली न लावली तोच घडाघडा बोलला. अमुक मर्मर, चांगला मोठा, मानेपर्यंत जातोय. दुसऱ्याने तेच. तिसरीने तेच, वर "टिपिकल आहे सर" असंही. मी नेहमीसारखी छताकडे बघत होते.

मग मयूरी आली. ही शहाडजवळच्या गावातली आगऱ्यांची पोर, ठेंगणी, केसांना चापून तेल. ती बसली, मुठीत चकतं धरलं. मी म्हटलं, "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "हो मावशी. तुमचे पाय का हो सुजलेत?" असं कुणी उलट विचारत नसे. मग तिने नळी लावली. सरकवली. परत लावली. डोळे मिटले. इतका वेळ लागला की मागची पोरं चुळबुळायला लागली.

"सर," ती म्हणाली, "मला नाही ऐकू येत."

हशा पिकला. "कानातलं तेल काढ आधी," एक जण म्हणाला. "अगं मावशींचा तर गेटवरून ऐकू येतो!"

तिचे कान लाल झाले. रागावली की तिचं शुद्ध बोलणं पळून जायचं. "मना नाय येत आयकू, तर काय खोटा सांगू?"

सर पुढे झाले. त्यांनी तिला उठवलं, स्वतः स्टुलावर बसले, नळी कानात घातली, डोळे मिटले. तेच सुख चेहऱ्यावर. ओठ जरासे हलले, हुश्श, हुश्श. मुलं मयूरीकडे बघून गालात हसली. सरांनी नळी कानांतून काढली, गळ्यातही घातली नाही, हातात लोंबत धरली. डोळे मिटलेलेच. आणि बोट वर केलं.

"येतोय की," ते म्हणाले. "छान येतोय."

कुणी हललं नाही. मुलांना कळलं, मला कळलं. सरांना सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांनी डोळे उघडले, हातातल्या नळीकडे बघितलं. बोट अजून वरच. 

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. फार हळू आवाजात विचारलं, "तू ऐकलास? खरं सांग." पहिला मयूरीकडे बघायला लागला. दुसरा म्हणाला, "सर, मावशींचा असतो ना..."

"असतो म्हणून ऐकलास?"

"हो सर."

"मीसुद्धा," सर म्हणाले.

त्यांनी मयूरीला परत बसवलं. ती ऐकायची आणि सर तिच्या चेहऱ्याकडे बघायचे, एखादा आंधळा माणूस काठी पुढे करतो तसे. शेवटी माझ्याकडे वळले. "बाई, जिना चढता का?"

मी इतकी बोलणारी, पण तेवढं मी कुणाला बोलले नव्हते, की हल्ली मधल्या कट्ट्यावर बसल्याशिवाय मला वर जाता येत नाही. माझ्या मुलालाही नाही. सर म्हणाले, "आवाज गेला म्हणजे झडप सुधारली असं नाही. रक्त ढकलायला जोर लागतो. तो जोरच उरला नाही, म्हणून शांत झालंय आत." बाकीचं मला आठवत नाही. त्यांनी माझी नाडी धरली ती सोडलीच नाही, तेवढं आठवतं. आजवर ज्या माणसाला सगळे घाबरत आले, तोच घाबरलेला बघितला आणि माझा नकार गळून पडला. मी म्हटलं, "कुठे सही करायची सांगा."

माझं ऑपरेशन झालं. आता माझ्या छातीत धातूची झडप आहे. शांत खोलीत बसलं तर ती ऐकू येते, टिक, टिक. नातू म्हणतो, आजी, तू गोष्टीतल्या मगरीसारखं घड्याळ गिळलंस का? मी बरी झाले. आणि सरांनी शिकवणं सोडलं. त्या दिवसानंतर ते वॉर्डात आलेच नाहीत. पंखे फिरायला लागले. मुलं म्हणत, आता बरं वाटतं. पण पंखा बंद झाला, लाइट गेली, की अजून सगळी खोली दाराकडे बघते म्हणे.

पुढे एक दिवस वहिनींचा, म्हणजे सरांच्या मिसेसचा, फोन आला. "जरा येऊन जाता का? ते तुमचंच नाव घेतात."

घोडबंदर रोडला, मुलाकडे राहायला गेले होते ते. उंचच उंच टॉवर, खाली गाड्यांची न संपणारी रांग. वर गेले तर घरात चिडीचूप. खिडक्यांना दोन दोन काचा. फ्रीजसुद्धा बंद करून ठेवलेला. वहिनी कुजबुजल्या, "त्याच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणतात."

"काय ऐकू येत नाही?"

वहिनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिल्या. "तुम्ही," त्या म्हणाल्या.

सर खुर्चीत बसले होते, आणखी वाळलेले. मला बघून आनंद झाला त्यांना. "या बाई. बसा. तुमचा आतला इथेच आहे." आणि कानामागे बोट लावलं. "त्या दिवसापासून गेलाच नाही. त्याआधीही असायचा, मला वाटायचं नळीतून येतोय. बरं आहे. तुम्ही कशा आहात ते कळतं. परवा सकाळी तुमची फार धावपळ झाली ना? किती जोरात चालला होता!"

 परवा सकाळी नातवाची शाळेची गाडी चुकली होती, आणि मी त्याचा हात धरून स्टेशनपर्यंत जवळजवळ पळत गेले होते. हे माझ्या सुनेलासुद्धा माहीत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरांनी मशीन सुचवलंय, हा आवाज दबवणारं. घालत नाहीत."

"कसं घालू?" सर रागावले. "हा थांबला तर ह्यांना सांगणार कोण? एकदा थांबला होता तेव्हा मला कळलं नाही. एका पोरीला कळलं." मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "ऐकायचंय?"

त्यांनी खणातून जुनी नळी काढली. बोंडं माझ्या कानांत घातली. चकतं मुठीत धरून ऊब दिली, सवयच ती, आणि आपल्याच मानेवर, जबड्याच्या खाली टेकवलं.

हुश्शऽऽ. हुश्शऽऽ.

माझाच. देवाशपथ सांगते. माझ्या छातीतून काढून कचऱ्यात टाकलेली ती झडप, तिचा तो आवाज, त्या म्हाताऱ्या मानेत बसून फुंकत होता. मी नळी उपटून काढली. सर हसत होते. "भेटलात?"

खाली येऊन मी टॉवरच्या पायरीवर बसले, आणि बऱ्याच वेळाने डोकं चालायला लागलं. नुसता भास असेल तर तो मला कसा ऐकू येईल? मी मयूरीला फोन लावला. ती ठाण्यातच हृदयाच्या वॉर्डात काम करत होती. म्हटलं, "सरांना बघायला ये. काय आहे ते मी सांगणार नाही. तू आपली ऐक."

दुसऱ्या दिवशी ती आली. सरांनी तिला बुटक्या स्टुलावर बसवलं आणि मुद्दाम गप्प राहिले. ती मूठ आवळून वाट बघत बसली. शेवटी सरच हरले. "जेवलीस का गं?"

तिने छाती ऐकली, मान ऐकली, पाठ ऐकली. मी खुणेनेही काही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "सर, झडप बारीक झालीय. आवाज तुमचाच आहे."

"नाही. ह्या बाईंचा."

"सर, तुमची छाती कुणी कधी ऐकलीच नाही. कुणाची हिंमत होती?" तिचा आवाज चिरकला. "किती वर्षं हाय कुनाला ठाव! मांडीतून नळी घालून बदलता येते आता झडप. छाती उघडायची गरज नाही. पण लवकर करायला पाहिजे, नाहीतर तुमचाही आवाज थांबेल."

"दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावू देणार नाही," सर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

वहिनी रडायला लागल्या. मुलगा समजावायला आला, रिपोर्ट दाखवले, सरांनी बघितलेसुद्धा नाहीत. मयूरी बाहेर येऊन मला म्हणाली, "मावशी, त्यांच्याकडे फार दिवस नाहीत." मग मी आत गेले. खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि म्हटलं, "सर, वस्तू माझी ना?"

"हो."

"मग मालकीण सांगतेय. काढून टाका."

ते वळले. "आणि तुम्ही?"

"मी आहे की तुमच्यासमोर."

"समोर असण्यावर मी कधी विसंबलो नाही, बाई."

आता ह्याला काय म्हणावं? माझ्या वयाच्या बाईने करू नये ते मी केलं. उठले, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांचा कान माझ्या छातीला लावला. वहिनी बघत होत्या, बघू देत. मुलाने आपणहून दार ओढून घेतलं. सरांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं सुख आलं नाही. एखादा माणूस अनोळखी घराच्या दाराशी उभा असावा, तसे ते दिसत होते.

"हे कोण?" ते म्हणाले.

"मीच. रोज ऐकवीन. पण आधी तुम्ही सही करा."

त्यांनी केली.

सरांचं सगळं नीट झालं. मयूरी म्हणाली, झडप बसली त्या क्षणी सरांनी डोळे उघडून विचारलं, "पंखा कुणी लावला?" पंखा नव्हताच तिथे. त्यांच्या कानातला आवाज थांबला होता, आणि त्या शांततेलाच ते आवाज समजत होते.

आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो. मी गॅस बारीक करते, पदर सारते आणि फोन छातीला लावून धरते. भाजी लागते, सून हसते, "आईंची हजेरी चाललीय." पलीकडून काही बोलणं नसतं. ऐकून झालं की "हं" म्हणतात आणि ठेवतात. एखाद्या दिवशी "हं" जरा उशिरा येतं, आणि तेवढा वेळ मीही श्वास धरून उभी असते. ते काय ऐकतायत ह्याची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

परवा मी धीर करून विचारलंच. "सर, काय ऐकू येतं हो एवढं?"

बराच वेळ गेला. मला वाटलं फोन कटला.

"कडी," ते म्हणाले. "आतून कुणीतरी सारखी कडी लावतंय. लावतं, बघतं, परत लावतं." मग अगदी हळू, वॉर्डात बोलायचे तसे, "बाहेर कोण उभं आहे तेवढं अजून कळत नाही."

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ओट्यावर मेथी निवडलेली, दारात सकाळचं ऊन.

"उभं राहू दे त्याला, सर," मी म्हटलं. "तुम्ही चहा घ्या."